अम्ब्रुशचे बाण अडवताना

१८ ऑगस्ट

जिंकलो. म्हणजे मी जिंकले. माझा नवरा अम्ब्रुश शेवटच्या रांगेत टोपी मांडीवर ठेवून बसला होता.

ग्रामसभेपुढे ठराव होता: गावात धनुष्यबाण चालवायला बंदी. का, तर कुणाचा तरी बाण अग्निशमन गाडीच्या टायरात घुसलेला सापडला. ती गाडी दोन वर्षांत जागची हललेली नाही. तिला टायर असले काय आणि नसले काय! मी उठले. म्हटलं, आपल्या ज्या घोडेस्वार पूर्वजांच्या बाणांपासून वाचव म्हणून हजार वर्षांपूर्वी अर्ध्या युरोपातले पाद्री देवाला साकडं घालत होते, त्यांच्या वंशजांना आज एका टायरचं भय वाटतं? स्वतःच्या परसात धनुष्य ओढायला परवानगी लागणार असेल, तर उद्या शिंकायलाही अर्ज करावा लागेल. आमचे पाद्रीबुवा पहिल्या रांगेत खुदुखुदु हसत होते. नंतर टाळ्या झाल्या.

ठराव पडला, पण ग्रामसचिव हायनल्काने शेपूट जोडलंच: "विल्मामावशी, परसात खुशाल मारा. फक्त एकही बाण कुंपणाबाहेर जाता कामा नये. नोव्हेंबरातल्या मार्टिनच्या सणाआधी मी स्वतः येऊन बघणार. गेला, तर परवानगी रद्द."

मी भर सभेत शब्द दिला. आता तो पाळायचा आहे, आणि पाळायचा तो अम्ब्रुशसाठी. रेल्वेच्या सिग्नल केबिनमधून निवृत्त झाल्यावर हा माणूस अख्खा हिवाळा स्वयंपाकघरातल्या शेगडीकडे तोंड करून बसला होता. विचारलं तर "हं". न विचारलं तरी "हं". वसंतात हे धनुष्य आलं आणि महिन्याभरात तो गुणगुणायला लागला, मिशा कातरायला लागला. धनुष्य गेलं तर तो पुन्हा त्या खुर्चीत जाईल. आणि या खेपेला तिथून उठेल असं मला वाटत नाही.

अडचण एवढीच की आमच्या कुंपणापलीकडे केलेमेनची प्लमची बाग आहे. केलेमेनशी आमचं बारा वर्षं बोलणं नाही. पंचायतीत असताना याच माणसाने मत देऊन बसथांबा ग्रंथालयासमोरून उचलला आणि गुत्त्यासमोर नेला. ग्रंथालय मी चालवत होते. मी त्याच्याविरुद्ध चाळीस मिनिटं बोलले होते. बस आजही गुत्त्यासमोरच थांबते.

२० ऑगस्ट

राष्ट्रीय सण. नव्या गव्हाची पहिली भाकर कापली, तिरंगी फीत लावून. पंचायतीने वाटलेली होती, म्हणून अर्थातच मध्ये कच्ची.

दुपारी अम्ब्रुशने सराव केला. वाळलेल्या सूर्यफुलाच्या एकाच बोंडात पाच बाण मारले. सहावा आकाशात, आणि केलेमेनच्या बागेत. सहावाच का? मी नीट विचार केला. दंड थकतात. साठी उलटलेल्या माणसाचं पाच बाणांत जेवढं असतं तेवढं संपतं.

तो गल्लीने वळसा घालून बाण आणायला गेला आणि यायलाच तयार नाही. आला तेव्हा कान लाल, नाक लाल, आणि मिशांना प्लमच्या दारूचा वास.

"काय म्हणाला तो?" मी विचारलं.

"फार सुनावलं," अम्ब्रुश म्हणाला आणि जमिनीकडे बघत राहिला.

"तू काय म्हणालास?"

"मी ऐकून घेतलं."

म्हणजे तो मवाली इतका जवळ येऊन ओरडला की त्याच्या तोंडाचा वास याच्या मिशांना चिकटला! अम्ब्रुश रात्री दोन ताटं जेवला. अपमानाने माणसाला भूक लागते हे मला ठाऊक नव्हतं.

२६ ऑगस्ट

बाण अडवायला मागे काहीतरी उभं करणं भाग आहे. शहरातल्या दुकानात फोन केला. त्यांच्याकडे फोमचा तयार ठोकळा आहे. किंमत ऐकून मी म्हटलं, "अहो, एवढ्यात डुक्कर येतं, आणि डुकराचे निदान सॉसेज होतात." त्याने फोन ठेवला. स्वातंत्र्य विकत घ्यावं लागत असेल तर ते भाडं झालं. मी स्वतः बनवणार.

गव्हाच्या पेंढ्याचे चौकोनी गठ्ठे सहकारी संस्थेकडून फुकट आणले. गेल्या वर्षीचे, कडेने काळे पडलेले. एकावर एक रचले, भिंत उभी केली. छान दिसते. उंदीर संध्याकाळपर्यंत राहायलाही आले.

२९ ऑगस्ट

पेंढ्याची भिंत म्हणजे आमच्या पंचायतीसारखी: लांबून भक्कम, जवळून भोकं. गठ्ठ्यांच्या सुतळ्या सैल झाल्या होत्या. बाण आत शिरतो आणि मागून बाहेर पडतो. मी ट्रकवाल्यांकडचे आवळपट्टे आणले, वर-खाली फळ्या घातल्या आणि गठ्ठे इतके आवळले की उंदीर निघून गेले. आता बाण अडकतो. दोन्ही हातांनी, पाय लावून उपसावा लागतो.

तरीही संध्याकाळचा शेवटचा बाण भिंतीवरून गेला. कारण मला आज सापडलं: केलेमेनचा खोकला. तो पलीकडे, बागेपासून पार दूर आपल्या पडवीत येऊन बसतो आणि मोठ्याने तीनदा खोकतो. खोकला झाला की अम्ब्रुशचा बाण उंच जातो. माणसाचं लक्ष विचलित करायची ही कुठली हलकट रीत!

"तू कानात कापूस घाल," मी म्हटलं.

"नको," अम्ब्रुश घाईने म्हणाला. "मग मला वारा ऐकू येणार नाही."

खरा धनुर्धर आहे.

४ सप्टेंबर

उंची वाढवली पाहिजे. माळ्यावरचा मोठा गालिचा काढला, बाभळीच्या दोन खांबांमध्ये पेंढ्याच्या वर ताणून चारही बाजूंनी खिळे ठोकले. ढोलासारखा ताठ. पहिला बाण त्यावर आपटून परत आला आणि अम्ब्रुशच्या पायाजवळची बादली उलटी करून गेला. दुसरा आरपार.

"ताणू नकोस गं," अम्ब्रुश म्हणाला. "नुसता लोंबू दे. ओल्या चादरीसारखा."

मी त्याला शिस्त आणि दृढता यांवर थोडं सांगितलं. मग तो आत गेल्यावर खालचे आणि बाजूचे खिळे काढले. आता गालिचा वरच्या दांडीवरून सैल लोंबतो. बाण लागला की तो मागे झुलतो, बाणाचा जोर पिऊन टाकतो, आणि बाण खाली गळून पडतो. गाय शेपटीने माशी उडवते तसं, अगदी त्याच बेफिकिरीने. मी कबूल करते, बघत बसावंसं वाटतं.

शेवटचा बाण गालिच्याच्याही वरून गेला. अम्ब्रुश आणायला गेला. मी घेवड्याचा रस्सा दोनदा गरम केला.

१४ सप्टेंबर

आज जे झालं ते लिहिताना दोनदा पेन खाली ठेवावं लागलं. हसण्याने नाही, असं मी नमूद करून ठेवते.

आणखी उंची हवी होती. घरात रिकामं पडलेलं काय आहे? आमच्या पाहुण्यांच्या खोलीत, जिथे पाहुण्यांना कधी नेत नाहीत, माझ्या लग्नातल्या हंसपिसांच्या रजया छतापर्यंत रचलेल्या आहेत. गावातल्या प्रत्येक घरात असा एक पलंग असतो. त्यावर कुणी झोपत नाही. फक्त धूळ झटकायची, आणि मेल्यावर मुलीला द्यायचा. आम्हाला मुलगी नाही. मी म्हटलं, चाळीस वर्षं या बायांनी काहीच केलेलं नाही, आता राबू दे. सगळ्यांत गलेलठ्ठ दोन काढल्या आणि गालिच्याच्या वर टांगल्या.

पहिला बाण रजईने गपकन गिळला. दुसराही. मी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्याला जुनं कापड टर्रकन फाटलं, चौथ्याला दुसरी रजई फुटली, आणि नेमका तेव्हाच वारा उठला.

इतकी पिसं दोन रजयांत मावतात? पांढरा ढग कुंपण ओलांडून संथपणे, मिरवणुकीसारखा निघाला. पलीकडे केलेमेन अंगणात तांब्याच्या कढईत प्लमचा मुरंबा ढवळत होता. पहाटेपासून. साखर न घालता, चमचा उभा राहीपर्यंत शिजवतात, तो. ढग कढईवर थांबला आणि उतरला.

मग पलीकडून आवाज आला, "अम्ब्रुश! हंस उकडायचा होता तर आख्खा पाठवायचास!"

मी गवतावर बसकण मारली. संपलं. आता हा उद्या सकाळी हायनल्काच्या टेबलाशी उभा राहणार. अम्ब्रुश मात्र शूरासारखा निघाला. "मी जातो. माझ्यावर सोड."

संध्याकाळी परतला. बाह्या कोपरापर्यंत जांभळ्या. केलेमेनने म्हणे शिक्षा म्हणून त्याला दिवसभर पिसं वेचायला आणि कढई ढवळायला लावलं. वर एक बरणीही हातात कोंबली, "पुरावा म्हणून." अम्ब्रुश हात धुताना गुणगुणत होता. इतका छळ सोसून गुणगुणणारा माणूस! मी त्याच्या पाठीवर हात फिरवला.

पुरावा चाखला. एक पीस निघालं. मुरंबा उत्तम आहे, हे मी कुणापुढे बोलणार नाही.

१७ सप्टेंबर

केलेमेन पंचायतीत गेलेला नाही. याचा अर्थ तो काहीतरी मोठं शिजवतो आहे.

२९ सप्टेंबर

आता अर्धवट काही नाही. मी रोज खपते आहे. बाभळीचे चार खांब गुडघाभर खोल पुरले. खाली आवळलेला पेंढा. त्यावर धान्याची पोती, त्यांत जुने कपडे, फाटके पडदे, हरितगृहावरचं फाटकं प्लास्टिक. पोतं भरताना दर वितीला लाकडाने कोंबायचं, नाहीतर आठवड्यात खाली बसतं आणि वर पोकळी राहते. हे मला तिसऱ्या पोत्याला कळलं. समोर दोन गालिचे, एकापुढे एक, मध्ये हातभर अंतर, दोन्ही सैल. वर पत्र्याचं छप्पर, म्हणजे पोती भिजून कुजणार नाहीत. दोन्ही बाजूंना पंखांसारख्या आडभिंती. विकत घेतले ते फक्त खिळे.

अम्ब्रुश खुर्ची घेऊन बघत बसतो. मदत कर म्हटलं की त्याच्या खांद्यात चमक येते.

"इतकं उंच कशाला, विल्मा?"

"बाण जाऊ नये म्हणून."

"बर्लिनची भिंत याहून ठेंगणी होती."

"म्हणूनच पडली," मी म्हटलं.

तो हसला नाही. खुर्ची उचलून आत गेला. खांदा फारच दुखत असावा.

५ ऑक्टोबर

हायनल्का आली. अंगणात उभी राहून तिने वर पाहिलं, आणखी वर पाहिलं, आणि टोपी धरली.

"मावशी, हे बाणांसाठी की तोफांसाठी?"

"नियम तुझा, भिंत माझी," मी म्हटलं.

अम्ब्रुशने धनुष्य घेतलं. बारा बाण. बारा! सगळे समोरच्या गालिच्यावर खडूने काढलेल्या ताटाएवढ्या वर्तुळात लागून टपाटप खाली पडले. पलीकडे केलेमेन तीनदा खोकला. मग आणखी तीनदा. अम्ब्रुशचा हात हललासुद्धा नाही. त्याने फक्त भिंतीच्या वरच्या कडेकडे एकदा पाहिलं, लोक हुकलेल्या विमानाकडे पाहतात तसं.

हायनल्का म्हणाली, "अम्ब्रुशमामा, एवढं अचूक मारता, तर उन्हाळाभर तुमचे बाण बाहेर कसे हो जात होते?"

अम्ब्रुश मिशी चावू लागला. "वारा," तो म्हणाला.

उन्हाळाभर वारा फक्त एकदा होता, पिसांच्या दिवशी. पण तो विनयशील आहे. भिंतीचं श्रेय मला मिळावं म्हणून त्याने स्वतःकडे कमीपणा घेतला.

परवानगी कायम. हायनल्का म्हणते, गावातल्या बाकीच्यांना नमुना म्हणून दाखवेन. मी दारात उभी राहून छोटंसं भाषण केलं. ऐकायला तीच एकटी होती, आणि तिचा एक पाय सायकलवर होता.

१३ ऑक्टोबर

अम्ब्रुश आठवडाभरात एकदा अंगणात उतरला. सहा बाण मारले, सहा उचलले, धनुष्य खुंटीला अडकवलं. शेगडीसमोरची खुर्ची पुन्हा ओढून घेतली आहे. "हं" परत आलं आहे.

मी त्याला पराभववादावर बोलले. विजयानंतरचा आळस साम्राज्यं बुडवतो, वगैरे. तो ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "सगळे बाण जागच्या जागी मिळतात गं."

"मग? तेच तर हवं होतं!"

"हं," तो म्हणाला.

मी गालिच्यासमोर दोरीला सफरचंदं टांगली, लक्ष्य हलतं असावं म्हणून. पक्ष्यांनी खाल्ली.

२० ऑक्टोबर

खुर्ची. मिशा वाढल्या आहेत. काल त्याने डाळिंब्यांचं सूप अर्धं ठेवलं. मला भीती वाटते. हे मी इथेच लिहू शकते, कारण बाहेर मी कशालाच भीत नाही असं सगळे समजतात, आणि तसं समजू द्यावं लागतं.

दुपारी भाजी खुडत होते तर कुंपणापाशी केलेमेन येऊन उभा राहिला. माझ्या भिंतीकडे बघत. बारा वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं:

"विल्मा. नवरा आजारी आहे का तुझा?"

उत्तर द्यायचं नाही असं मी बारा वर्षांपूर्वीच ठरवलं आहे. मी कोबीला म्हटलं, "काही लोकांना दुसऱ्याचं घर बुडताना बघायला कुंपणाशी यावं लागतं." कोबी गप्प राहिला. केलेमेनही. मग तो पाय ओढत गेला. फार वाकला आहे तो. खोकलाही थांबला आहे.

२६ ऑक्टोबर

आज दुपारी मी केलेमेनकडे गेले. बोलायला नाही, जाब विचारायला. सगळी मांडणी तयार होती: उन्हाळाभर माझ्या माणसाला दर खेपेस अडकवून, अपमान करून, ढवळायला लावून याने त्याचा जीव आतून पोखरला, आणि त्याचं फळ आज शेगडीसमोर बसलं आहे. तीन मुद्दे आणि समारोप.

तो पडवीत एकटाच होता. टेबलावर पत्ते वाटलेले. तीन ठिकाणी. एक त्याच्यापुढे, एक समोरच्या खुर्चीपुढे, एक बाजूच्या. दोन पेले, त्यांतला एक पालथा.

"केलेमेन," मी सुरुवात केली, "या उन्हाळ्यात तू—"

"बस आधी. उभ्याने बोललीस की लांबतं."

"मी बसायला आलेली नाही. हे पत्ते कुणासाठी?"

"तो आला तर म्हणून वाटून ठेवतो," तो म्हणाला. "दोघांत हा डाव होत नाही हे तुला मी सांगायला नको. तिसरा लागतोच."

बसथांब्याआधी आम्ही तिघं दर शनिवारी खेळत होतो. हे मी या वहीत कधी लिहिलं नाही, कारण त्यात लिहिण्यासारखं काही आहे असं वाटलं नाही.

"आणि तिसरा कोण?" मी विचारलं.

त्याने बाजूच्या खुर्चीकडे हनुवटी केली. "तू. तुझे पत्ते अम्ब्रुश खेळायचा. आपले खेळून झाले की तुझे. अगदी तुझ्यासारखा बोली लावायचा. मोठ्याने, आणि हातात काही नसताना."

मी काही बोलले नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुन्हा कधी होईल सांगता येत नाही.

"तो सरळ दाराने का आला नाही तुझ्याकडे?" मी शेवटी विचारलं.

"भाषणाला भितो."

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"तू विचारतेस कुठे, विल्मा? तू सांगतेस." त्याने बाटलीचं बूच काढलं. "आणि ऐक, उन्हाळाभर तूच हरलीयस. एक डाव जिंकली नाहीस. मला वाईट वाटायचं, पण काय करणार, तू नव्हतीस."

उन्हाळाभर! माझ्या पाठीमागे, माझ्या नावावर, माझ्याच नवऱ्याने मला हरवत ठेवलं! बसथांबा एकवेळ ठीक. पण हे? मी खुर्ची ओढली आणि बसले. पत्ते उचलले. हुकमाची सत्ती होती हातात, या खेळात शेवटचा हात मारायला राखून ठेवायची ती, आणि अम्ब्रुशने तिचं काय केलं असतं या विचाराने माझं डोकं तापलं.

मी उठून पडवीच्या कठड्याशी गेले आणि माझ्या त्या भव्य, मजबूत, गावाला नमुना म्हणून दाखवायच्या भिंतीच्या दिशेने ओरडले. सभागृहात माईक बंद पडल्यावर ओरडते तसं.

"अम्ब्रुश! धनुष्य राहू दे! बाण राहू दे! गल्लीने चालत ये आणि येताना दुपारचं उरलेलं अर्धं सूप घेऊन ये!"

पलीकडे काही तरी पडल्याचा आवाज आला. खुर्ची असावी. मग दार. मग गल्लीत त्याची पावलं, आणि ती चालत नव्हती.

दारात तो उभा राहिला, हातात पातेलं, चेहरा शाळेत पकडलेल्या पोरासारखा. माझ्याकडे बघितलं, केलेमेनकडे बघितलं.

"बस," मी म्हटलं. "आणि माझ्या पत्त्यांना हात लावलास तर याद राख."

"हिने बोली लावली का?" त्याने केलेमेनला विचारलं.

"अजून नाही."

"मग तू पेला सुलटा कर. मला लागेल."

शेवटच्या हातात हुकमाची सत्ती टाकून डाव मारायचा होता. केलेमेनने दोन हुकूम दाबून ठेवले होते, बदमाश. तीन डाव खेळले, तीनही हरले. पण निदान स्वतः हरले.